दोरीचं दुसरं टोक

इब्राहीम पेंटरची अक्षरं आता शहरभर नाचतात. लस्सीच्या गाड्यावर नाचतात, केकच्या दुकानावर नाचतात, कोपऱ्याकोपऱ्यावरच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तर अंगात आल्यासारखी नाचतात. एकाचा पाय वर, दुसऱ्याचं डोकं खाली, वेलांटी मागं रेललेली, मात्रा टोपीसारखी तिरपी. ब्रश उचलताना केस फाकतात, ती फाकलेली कडही जशीच्या तशी. आणि ज्याच्या हातून ती निघाली तो सकाळी रोशन गेटच्या घराला कडी घालून, डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळून, एकटाच चालत निघतो. आपल्या अक्षरांची पाटी दिसली की थांबतो. वाचत नाही. अक्षरांच्या थोडं वर, जिथं काहीच नसतं, तिथं बघत राहतो.

लस्सीवाल्याला वाटायचं, चाचांना कमी दिसतं. त्यानं एकदा पाटी मोठ्यानं वाचूनही दाखवली होती.

अक्षरं अशी पसरली ती संस्कृतीमुळं. संस्कृती पुंडलिकनगरची, तिशीतली. घराच्या वरच्या खोलीत कॉम्प्युटरपुढं बसून ती अक्षरं घडवते. म्हणजे फॉन्ट. दोन वर्षांपूर्वी ती स्कूटीवरून गंगापूर, करमाडकडच्या खेड्यांत फिरत होती, लग्नघरांच्या भिंती बघत. आपल्याकडं लग्न निघालं की दर्शनी भिंतीला रंग द्यायचा, वर गणपती काढायचा, बाजूला कलश, आणि मधे नवरा-नवरीची नावं पेंटरकडून लिहून घ्यायची. मांडव उतरतो, पाहुणे जातात, नावं मात्र भिंतीवर राहतात, पुढचं लग्न निघेपर्यंत. अशाच एका भिंतीवर तिला ही उड्या मारणारी अक्षरं भेटली. मग दुसऱ्या गावात भेटली, तिसऱ्या गावात भेटली. खाली कोपऱ्यात बारीक लिहिलेलं होतं: इब्राहीम पेंटर, रोशन गेट.

ती घर शोधत आली तेव्हा पाटी रंगवून हवी असेल असं समजून इब्राहीमनं तिला मजकूर विचारला. मजकूर नको, नुसती अक्षरं हवीत, असं ती म्हणाली. एकदा अक्षरं कॉम्प्युटरात गेली की कुणीही, कुठंही, काहीही त्यात लिहील. इब्राहीमला गंमत वाटली. अक्षरं काय कुणाची असतात व्हय, असं तो म्हणाला आणि तयार झाला.

फक्त एका प्रश्नाला तो अडला. तिनं फोनवरचे फोटो पुढं करून विचारलं होतं, की सगळे पेंटर वरची रेघ एका ओळीत ओढतात आणि अक्षरं तिच्याखाली लटकवतात. तुमच्या प्रत्येक अक्षराला त्याची-त्याची तेवढीच रेघ, एक वर, एक खाली. ही मस्ती कुठं शिकलात?

"सवय, बेटा," तो म्हणाला आणि चहा ठेवायला आत गेला. चहाला त्या दिवशी फार वेळ लागला.

पुढं चार महिने दर गुरुवारी तो पुंडलिकनगरला जायचा. वरच्या खोलीत सतरंजीवर बसून, खारीच्या केसांच्या ब्रशानं एकेक अक्षर पाच-सहा वेळा काढायचा. संस्कृतीची आई, सुरेखाताई, पोहे आणून द्यायच्या. एकदा त्यांनी जिन्यासाठी पाटीही लिहून घेतली, येथे चपला काढू नयेत. अक्षरं अशी खट्याळ आली की येणारे-जाणारे पाटी वाचून हसायचे आणि तिथंच चपला काढायचे. सुरेखाताई म्हणायच्या, तुमच्या अक्षरांना कुणी घाबरत नाही, चाचा.

फॉन्ट झाला. संस्कृतीनं त्याचं नाव 'मस्तीखोर' ठेवलं आणि कुणालाही वापरता यावा म्हणून इंटरनेटवर मोकळा सोडला. मुलगी सदफ परभणीला दिलेली, तिनं तिथल्या आइस्क्रीमच्या दुकानाचा फोटो पाठवला, अब्बा, बघा तुमची अक्षरं इथपर्यंत आली. इब्राहीमनं तिला बदामाचं चित्र पाठवलं. तो स्वतः परभणीला दीड वर्षात गेला नव्हता.

काम संपलं तसे गुरुवारही संपले. तरी दोन गुरुवारी तो अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून पुंडलिकनगरच्या रिक्षात बसला होता. दोन्ही वेळा कोपऱ्यावर उतरला, पाण्याची बाटली घेतली आणि परत आला.

एप्रिलातल्या एका सकाळी संस्कृतीच त्याच्या दारात उभी राहिली. चेहरा उतरलेला. फोन पुढं करून ती म्हणाली की फार वाईट झालंय. सिडकोत कुणा निवृत्त मास्तरांचं निधन झालं होतं. चौकात त्यांचा फ्लेक्स लागला होता, हार घातलेला फोटो, दोन बाजूंना समया, आणि वर मोठ्या अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मस्तीखोरमध्ये. भा उडी मारतोय, श्र कंबर हलवतोय. छापणाऱ्याला वेगळं काहीतरी करायचं असेल. फोटो सकाळपासून व्हॉट्सॲपवर फिरत होता आणि लोक पोट धरून हसत होते. मास्तरांच्या घरी जाऊन माफी मागते, छापणाऱ्याला सांगून फ्लेक्स उतरवते, असं ती भराभरा बोलत होती. तुमच्या हाताची अशी थट्टा व्हायला नको होती, चाचा.

इब्राहीमनं फोन हातात घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. बराच वेळ बघितला. हसला नाही.

"उतरवू नको," तो म्हणाला. "एवढ्या पाट्या बघितल्या बेटा, ही एकच बरोबर जागी लागली."

मग त्यानं तिला आत बोलावलं, खाटेवर बसवलं आणि पहिल्या दिवशी जे सांगायचं टाळलं होतं ते सांगितलं.

दुसरे पेंटर दोरीला नीळ लावून भिंतीवर फटका मारतात, निळी रेघ उमटते, तिच्यावरून ब्रश चालवतात. इब्राहीमला तो निळा फटका आवडायचा नाही. रंगात मिसळतो, भिंत मळकट दिसते. तो दोरी ताणून धरायला लावायचा आणि ताणलेल्या दोरीच्या खालून सरळ ब्रश न्यायचा. त्याला दोन माणसं लागतात. डावं टोक तो डाव्या अंगठ्यानं दाबायचा, आणि रेघ पुढं गेली की तिथं मेणाची गोळी चिकटवायचा. उजवं टोक गुलशनचं. त्याची बायको.

सव्वीस वर्षं ती लुनावर मागं बसून, मांडीवर रंगाचे डबे घेऊन, गावोगाव आली. भिंतीच्या उजव्या अंगाला उभी राहून दोरी दाबून धरायची. ब्रश तिच्यापर्यंत येईतो हलायची नाही. मोठी भिंत असली तर रेघेला अर्धा अर्धा तास लागायचा. उभ्या उभ्या ती लग्नघरातल्या बायकांकडून ऐकलेल्या ओव्या गुणगुणायची, आणि न ऐकलेल्या स्वतःच जोडायची. एक तिची आवडती होती:

सरळ रेघेवरी नाव नवरीचं टांगलं,
माझ्या गं भरताराचं बोट रंगानं रंगलं.

बायका तिला हसायच्या, पेंटरीणबाई नवऱ्याला ओवीत ओवती म्हणायच्या. आणि रेघ ओढत ओढत ब्रश तिच्या अंगठ्याला टेकला की ती एवढंच म्हणायची, "आ गए?" प्रत्येक भिंतीला. मग दोरी सोडायची.

"लोक विचारायचे, तुमची नावं भिंतीवर इतकी खाली का," इब्राहीम म्हणाला. "तिचा हात जिथवर आरामात पोचायचा, तिथंच लिहायचो मी."

नऊ वर्षांपूर्वी गुलशन गेली. त्यानंतरच्या पहिल्या भिंतीला त्यानं दोरीचं ते टोक खिडकीच्या गजाला बांधून बघितलं. दोरी ताणली, रेघही आली असती. पण ब्रश उचलला आणि उजवीकडं बघितलं, तर गज. त्यानं दोरी सोडून खिशात घातली. मग एकेक अक्षर जसं येईल तसं लिहीत गेला, ज्याची रेघ त्याच्यापुरती. घरमालक रागवेल असं त्याला वाटलं होतं. घरमालकाची पोरं टाळ्या पिटायला लागली. पेंटर, मस्त नाचरी काढलीत, असं म्हणून शेजारच्यानं बोलावलं, मग त्याच्या साडूनं. हसणाऱ्यांना काय सांगायचं? त्यानं कुणालाच सांगितलं नाही.

संस्कृतीनं विचारलं, दोरीवरची सरळ अक्षरं कुठं राहिली असतील का. आपण तीही घेऊ, त्यांचाही फॉन्ट करू. इब्राहीमनं नाही म्हणून मान हलवली. एवढ्या वर्षांत घरोघरी पुढची लग्नं झाली, भिंतींवर नवे रंग चढले. आशा होती ती एकाच भिंतीची. करमाडच्या साहेबरावांच्या घराची. त्यांच्या थोरल्या मुलीच्या, श्रेयाच्या लग्नाची. गुलशननं धरलेली ती शेवटची दोरी. त्यांच्याकडं मधे लग्न झालेलं नव्हतं.

आणि त्या भिंतीचं आणखी एक होतं, ते त्यानं खाली बघत सांगितलं. त्या दिवशी ब्रश गुलशनच्या अंगठ्याला टेकला तेव्हा तिला झोकांडी गेली आणि लाल रंगाचा अंगठा भिंतीवर दाबला गेला. रेघेच्या अगदी टोकाला, ठसठशीत. तो दहा माणसांदेखत ओरडला होता, एवढं साधं काम जमत नाही, सगळी भिंत नासवली. ती म्हणाली होती, राहू द्या, तिथं कुणाला दिसतंय. तिची तब्येत तेव्हाच बिघडली होती, हे त्याला पुढं डॉक्टरनं सांगितलं. घाईत तो ठसा पुसायचा राहिला. ऑइलपेंट होता, वरून वळचण. टिकला असेल.

"तेवढा एकदा बघायचा होता," तो म्हणाला. "नऊ वर्षं पाय उचलला नाय."

संस्कृतीनं ती भिंत बघितली होती. दोन वर्षांपूर्वी, करमाडला. सरळ, शांत, एका रेघेखाली सारखी टांगलेली नावं. कोपऱ्यातली सही पुसट होती. हे कुणा दुसऱ्या पेंटरचं असेल, असं समजून तिनं फोटोही न काढता स्कूटी पुढं काढली होती. तिला तर नाचणारी हवी होती.

"होता का?" इब्राहीमनं विचारलं. "ठसा?"

तिला आठवत नव्हतं. तिनं तेवढं बघितलंच नव्हतं. पण भिंत होती, दोन वर्षांपूर्वी होती.

तो उठला, खुंटीवरची कापडी पिशवी खांद्याला अडकवली. पिशवीत ब्रश आणि रंगाचा छोटा डबा कायम असायचा, काम असो नसो. त्यानं घराला कडी घातली आणि स्कूटीमागं बसला. जालना रोडला ऊन चढत होतं. शेंद्रा मागं पडलं. पुढं फाट्यावर वळल्यावर त्यानं एकदाच तिला हळू घे म्हणून सांगितलं, खरं तर ती आधीच हळू चालवत होती.

साहेबरावांच्या दारात मांडवाचे वासे पडले होते. धाकट्या मुलाचं, विश्वजीतचं लग्न पाच दिवसांवर आलेलं. भिंत दुरूनच दिसली. कोरी करकरीत, पिस्ता रंगाची. रंगाचा वास अजून हवेत होता.

साहेबराव लगबगीनं पुढं आले, पेंटर या, या, कुणी निरोप दिला तुम्हाला, असं म्हणत त्यांनी इब्राहीमचे दोन्ही हात धरले. कौतुकानं भिंत दाखवली. आधी घासून काढली, मग पुट्टी, मग दोन हात. आतलं काही राहिलं नाय, असं ते अभिमानानं म्हणाले. परवाच सुकली. मग त्यांनी ओसरीत गुंडाळून ठेवलेला फ्लेक्स दोघा पोरांकडून उलगडून धरायला लावला. शुभविवाह. विश्वजीतचं नाव, नवरीचं नाव. सगळी अक्षरं उड्या मारत होती.

"फ्लेक्सवाला दुसरी दाखवत होता, सोनेरी," साहेबराव म्हणाले. "मी म्हणलं नाय. आमच्या पेंटरचीच पायजेत."

इब्राहीमनं मान डोलावली. छान आहे म्हणाला. संस्कृती भिंतीकडं पाठ करून उभी होती.

खाटेवर साहेबरावांच्या आई, गोजरबाई बसल्या होत्या. त्यांना दिसायला कमी झालं होतं, आवाजावरून त्यांनी इब्राहीमला ओळखलं. किती वर्षांनी आलास म्हणून रागावल्या. मग आजूबाजूला चाचपडल्यागत बघून म्हणाल्या, "आन् तुझी बायकू कुठाय? दोरी धरून गाणं म्हणणारी?"

साहेबराव चुळबुळले.

"नाय आली, आई," इब्राहीम म्हणाला.

गोजरबाई उसासल्या. फ्लेक्स फाटकाला लावा, असं त्या साहेबरावांना म्हणाल्या. भिंतीवर नाव हातानंच लिहिलेलं पाहिजे. त्यांच्या घरात भिंतीला हाताचं नाव लागल्याशिवाय हळद कालवत नाहीत, श्रेयाला लागलं होतं, त्यांच्या स्वतःच्या सासूला लागलं होतं. पेंटर आपल्या पायांनी दारात आलाय, आणि तुम्ही त्याला कागद दाखवता. आणि पहिल्यासारखं जरा खालीच लिही रे बाबा, त्या म्हणाल्या, बसल्या जागेवरून हात लागतो माझा.

साहेबरावांनी पोरांकडून फ्लेक्स पुन्हा गुंडाळून घेतला. इब्राहीमनं पिशवी खाली ठेवली. डबा उघडला, काडीनं लाल रंग ढवळला. त्यानं दोरी मागितली, तसं घरातून हळदीच्या सामानातलं सुताचं रीळ आलं. संस्कृतीनं न सांगता सुताचं एक टोक घेतलं, भिंतीच्या उजव्या अंगाला गेली आणि अंगठ्यानं दाबून उभी राहिली. तिला वाटलं होतं, हे तरी आपल्याला करता येईल.

इब्राहीमनं उजवीकडं बघितलं. ब्रश हातात तसाच राहिला.

"तिथं नको, बेटा," तो हळूच म्हणाला. "तिथं मी थांबतो. रेघ तू ओढ."

आपल्याला ब्रश धरता येत नाही, आपण सगळं पडद्यावर करतो, असं ती म्हणाली. तो तोवर तिच्याजवळ येऊन उभा होता. त्यानं ब्रश तिच्या हातात दिला, आणि स्वतः भिंतीला हात लावत ठशाची जागा शोधली. खिडकीच्या चौकटीपासून दीड हात. वळचणीखाली. उंची त्याला मोजावी लागली नाही. गुलशन त्याच्या कानापर्यंत यायची, तिच्या खांद्याजवळ दोरी असायची. त्यानं तेवढा हात खाली घेतला. पिस्ता रंगावर अंगठा ठेवला. खाली पुट्टी होती, पुट्टीखाली घासलेली भिंत. हाताला गुळगुळीत लागली.

संस्कृतीनं डावं टोक पिशवीच्या तळाशी राहिलेल्या मेणाच्या गोळीनं चिकटवलं, ब्रश बुडवला आणि सुताखालून रेघ सुरू केली. दोन वितींतच रेघ सुताला सोडून खाली घसरली.

"थरथरतंय, चाचा."

"थरथरू दे. ये."

ती येत राहिली. ब्रश बुडवायची, पुन्हा लावायची, पाऊल सरकवायची. लग्नघरातल्या बायका कामं सोडून बघत होत्या. इब्राहीमनं सव्वीस वर्षं ब्रशाच्या टोकाकडं बघितलं होतं. रेघेच्या या बाजूनं कधी काही बघितलं नव्हतं. इथून ब्रश दिसत नव्हता. इथून माणूस दिसत होतं. कपाळावर घाम, जीभ दातांत धरलेली, सगळं ध्यान भिंतीत, आणि एकेक वीत करत आपल्याकडंच येत असलेलं. येताना त्या माणसाला माहीतही नव्हतं की कुणी आपल्याकडं बघतंय. सव्वीस वर्षं, प्रत्येक भिंतीला, इब्राहीमनं एकदाही मान वर केली नव्हती.

सूत अंगठ्याखाली रुतत होतं. त्यानं ते ढिलं सोडलं नाही.

शेवटची वीत राहिली. मग चार बोटं. मग ब्रशाचे ओले केस त्याच्या अंगठ्याला टेकले, गार लागले. संस्कृती थांबली आणि पहिल्यांदा तिनं वर बघितलं.

"आ गए," इब्राहीम म्हणाला.

सूत सैल होऊन खाली पडलं. त्यानं मात्र हात काढला नाही. लाल झालेला अंगठा भिंतीवर नीट टेकवला, दाबला, आणि तसाच धरून ठेवला. रेघेच्या खाली पिस्ता रंगाची मोकळी जागा होती, विश्वजीतचं नाव अजून लिहायचं होतं. साहेबरावांना वाटलं, म्हातारा उन्हानं दमला. त्यांनी आतून खुर्ची आणवली, त्याच्या मागं ठेवली, बसा पेंटर म्हणाले. गोजरबाई खाटेवरून विचारत होत्या, झालं का रे लिहून, कुणी सांगत का नाही.

खुर्ची मागं तशीच राहिली. रंग सुकायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तो उजव्या टोकाला उभा होता.